समूहसंचलन, प्राण्यांचे : भूप्रदेशाचा प्रभाव

कळप, थवा किंवा टोळी यांतील प्राणी परस्परांच्या हालचालींशी जुळवून घेत एकत्र मार्गक्रमण करतात, त्यास समूहसंचलन म्हणतात. अशा समूहास पुष्कळदा कायमचा नायक नसतो. प्रत्येक प्राणी शेजारच्या सोबत्यांचे अंतर, दिशा व वेग यांनुसार आपली गती ठरवितो. या साध्या नियमांवर आधारलेली संगणकीय प्रतिमाने क्रेग रेनल्ड्‌स (१९८७) व तामाश व्हिचेक आणि सहकारी (१९९५) यांनी मांडली. त्यांत अवकाश बहुतांशी एकसारखा मानला होता. निसर्गात मात्र चढउतार, झाडोरा, पाणी व चारा यांमुळे समूहाचा आकार, वेग व मार्ग बदलतात.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सिल्लोडच्या परिसरात हा फरक सहज ध्यानात येतो. येथील अजिंठ्याच्या डोंगररांगेचा दक्षिण उतार सौम्य असून उत्तरेस ती तापीच्या खोऱ्याकडे एकदम उतरते. पिके निघालेल्या सपाट रानात मेंढरे पांगून चरतात. अरुंद घाटवाटेवर तोच कळप लांबट होतो व पुढच्या जनावरांची गती मागच्यांना बांधून टाकते. ओढ्याच्या काठी कळप थबकतो. एक मेंढरू पाण्यात उतरले की इतर त्यामागे जातात.

दृष्टिक्षेत्राचेही असेच महत्त्व आहे. मोकळ्या माळावर काळविटांचे कळप सामान्यतः मोठे असतात, तर झुडपी भागात ते लहान आढळतात. कारण आडोशामुळे सोबत्यांशी संपर्क टिकविणे कठीण जाते.

केन्यातील म्पाला येथे बबून माकडांच्या एका टोळीस उपग्रहाधारित स्थाननिदर्शक पट्टे बांधून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. माकडे दाट झाडोरा टाळून रुळलेल्या वाटा पसंत करीत. परंतु सोबती नुकतेच जेथून गेले, त्या जागेची ओढ त्यांना सर्वाधिक होती. म्हणजे भूप्रदेश काहींचा मार्ग ठरवितो आणि ते इतरांचा.

यामुळेच रस्ता, कालवा किंवा कुंपण यांचा परिणाम केवळ त्या जागेपुरता राहत नाही. पुढील काही प्राणी अडले की सर्व समूह वळतो किंवा दुभंगतो, आणि चारापाण्याचे नेहमीचे मार्ग तुटतात. २०२५ मध्ये पूर्ण झालेल्या नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गावर वन्य प्राण्यांसाठी खालून व वरून जाण्याचे मार्ग ठेवले आहेत. असे मार्ग कळपांच्या रुळलेल्या वाटांशी जुळले, तरच ते उपयोगी पडतात.