तळेगाव आणि ग्रीक इतिहासकार

सोमाटण्याहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पश्चिमेस निघाले म्हणजे थोड्याच वेळात तळेगाव लागते. राघोबादादांना पुण्याच्या कारभारावर बसविण्यासाठी मुंबईहून निघालेली इंग्रजांची फौज ९ जानेवारी १७७९ रोजी येथवर आली. पुणे अवघ्या आठ-नऊ कोसांवर होते. परंतु तळेगावात दाणा नव्हता की वैरण नव्हती. मराठ्यांनी आपलेच गाव जाळून टाकले होते. ११ तारखेच्या रात्री अवजड तोफा तळ्यात ढकलून ती फौज माघारी वळली आणि वडगावी पुरती वेढली गेली. तेथे तिला तह करावा लागला. सोमाटण्यापर्यंत ती पोहोचलीच नाही.

स्वतःची भूमी ओस टाकून शत्रूस जेरीस आणण्याचा हा डाव फार जुना आहे. इ. स. पूर्व ४३१ मध्ये अथेन्स व स्पार्टा यांचे युद्ध जुंपले. स्पार्टाचे पायदळ प्रबळ, तर अथेन्सचे आरमार. म्हणून पेरिक्लीझने खेड्यांतील लोकांस तटाच्या आत बोलाविले आणि शेते शत्रूस मोकळी सोडली. या युद्धाचा इतिहास थ्यूसिडिडीझ याने लिहिला. तो स्वतः सेनापती होता. अँफिपोलिस हे नगर त्याला वाचविता आले नाही, म्हणून वीस वर्षे हद्दपारी त्याच्या वाट्यास आली. युद्धाची कारणे त्याने देवांच्या कोपात शोधली नाहीत. भय, मान आणि लाभ यांत शोधली. त्यामुळेच आजही सैनिकी विद्यालयांतून त्याचा ग्रंथ अभ्यासतात. अमेरिकेच्या नाविक युद्ध महाविद्यालयाने १९७२ पासून त्यास अभ्यासक्रमात मानाचे स्थान दिले.

पण त्याने केवळ डावपेच लिहिले असते, तर तो एवढा मोठा ठरता ना. शेतकऱ्यांनी घरांचे लाकूडकामदेखील काढून नगरात आणले, गुरेमेंढरे समुद्रापलीकडील बेटांवर धाडली आणि राहावयास जागा नाही म्हणून देवळांत व तटाच्या बुरुजांत संसार मांडले, हे तो बारकाईने सांगतो. आपली शेते डोळ्यांदेखत उजाड होताना पाहून अकार्नीचे लोक पेरिक्लीझवर किती संतापले, तेही तो लपवीत नाही. पुढल्याच वर्षी त्या दाटीत भयंकर साथ पसरली. ती त्यालाही झाली होती.

वडगावच्या विजयाचे श्रेय आपण महादजी शिंद्यांस व नाना फडणिसांस देतो, आणि ते योग्यच आहे. मात्र थ्यूसिडिडीझ वाचून तळेगावाकडे पाहिले की मनात वेगळेच प्रश्न येतात. त्या पौषाच्या थंडीत गावकरी कोठे गेले? कणग्यांतील धान्य त्यांनी बरोबर नेले, की तेही आगीत गेले? आणि घरांच्या तुळया व दारे काढून घेण्याइतका वेळ तरी त्यांना मिळाला होता काय?