सवाल साइझचा आहे, बॉस!

ताटातलं पापलेट केवढं असावं, हे आता फक्त हॉटेलवाला ठरवत नाही. त्याच्याही आधी कुणीतरी फुटपट्टी घेऊन बसलेलं असतं!

शुक्रवारची संध्याकाळ, महिन्याचा पहिला आठवडा, अकाउंटला पगार जमा. अशा वेळी आपल्यातल्या निम्म्यांचे पाय आपोआप मालवणी थाळीकडे वळतात. मेन्यूकार्डावर पापलेटपुढे किंमत नसतेच. तिथे ‘ॲज पर साइझ’ असे तीन शब्द असतात. मासा केवढा, त्यावर बिल केवढं. सिंपल!

पण हा साइझचा मामला सरकारदरबारीही पोचलाय. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकारमान ठरवून दिलं. चंदेरी पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०, घोळ तर थेट ७००. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. त्याच्या दोनच महिने आधी, सप्टेंबर २०२३ मध्ये, पापलेटला ‘राज्य मासा’ हा मान मिळाला होता. पालघरमधलं सातपाटी हे पापलेटचं माहेर. तिथल्या मच्छीमारांची ओरड जुनीच होती, पापलेट कमी होतंय आणि हाताला लागतं ते पिल्लू.

प्रश्न असा पडतो की १३५ हा आकडा आला कुठून? १३० का नाही? १५० का नाही?

पोटात काय आहे?

उत्तर आहे सीएमएफआरआयकडे, म्हणजे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेकडे. स्थापना १९४७ची, मुख्यालय कोचीला. या संस्थेची माणसं देशभरातल्या बंदरांवर जातात, कुठल्या बोटीने किती आणि कोणता मासा आणला याची नोंद करतात, नमुने मोजतात आणि काही मासे चक्क चिरून बघतात. पोटात गाभोळी तयार झालीय का? झाली असेल, तर हा मासा वयात आलाय. असे ढीगभर मासे तपासले की कळतं, अमुक जात अमुक लांबीची झाली की अंडी घालायच्या लायकीची होते. किमान आकारमान या माहितीवर बेतलेलं असतं. फंडा एकच: माशाला निदान एकदा तरी पोरंबाळं होऊ द्या, मग खा!

एका शनिवारी पहाटे मी ससून डॉकला जाऊन आले. बर्फाच्या लाद्या, टोपल्यांची धावपळ, ‘सर बाजूला’चा गजर आणि पायाखाली चिखल. (टिप: सॅण्डल्स विसरा.) एका मावशींच्या टोपलीत तळहाताएवढी पापलेटं होती. एवढी बारकी का, असं विचारल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सांगितलं की पोरी, जाळ्यात जे येतं ते येतं, दर्यात कोण निवडून काढतो?

मावशींच्या बोलण्यात दम आहे. जाळं वर येईपर्यंत बहुतेक मासे मेलेले असतात. लहान म्हणून परत टाकले तरी काय उपयोग? म्हणून शास्त्रज्ञांचा दुसरा सल्ला थेट जाळ्याबद्दल आहे. ट्रॉलच्या जाळ्याची शेपटाकडची पिशवी चौकोनी आसाची करा, आस ४० मिलिमीटरचा ठेवा. नेहमीचा शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ताण पडला की मिटतो, चौकोनी उघडा राहतो. पिल्लं पाण्यातच निसटतात. मोजपट्टीपेक्षा हे बरं, नाही का?

एक्सेल शीट हिरवं, टीम लाल

आता जरा ऑफिसच्या भाषेत. समजा तुमच्या टीमने या महिन्यातही टार्गेट पूर्ण केलं. बॉस खूश. पण पूर्वी जे काम एका दिवसात व्हायचं, त्याला आता दहा दिवस लागतात, हे शीटवर दिसतच नाही. मासेमारीत नेमकं हेच होतं. बंदरात आलेले एकूण टन तेवढेच दिसतात, पण बोटी लांब जातात, जास्त दिवस राहतात, डिझेल जास्त जाळतात. म्हणून शास्त्रज्ञ नुसतं वजन बघत नाहीत, त्यासाठी किती मेहनत लागली तेही बघतात.

हे गणित चुकलं तर काय होतं, ते कॅनडाच्या न्यूफाउंडलंडला विचारा. तिथल्या कॉड माशाचा अंदाज बांधताना मोठ्या ट्रॉलर्सच्या भरघोस पकडीवर नको इतका भरवसा ठेवला गेला. ट्रॉलर्स तर उरलेसुरले थवे हुडकून काढत होते! पुढे शास्त्रज्ञांनी आकडे खाली आणले, पण सरकारने सांगितली तेवढी कपात केली नाही. जुलै १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. ही बंदी उठायला २०२४ साल उजाडलं. बत्तीस वर्षं, राव!

दर्याला बॉर्डर नसते

आपल्याकडे आणखी एक त्रांगडं आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, राज्याचा अंमल. त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राचा. पापलेट मात्र पालघर आणि गुजरातच्या पाण्यात पासपोर्टशिवाय फिरतं! एका राज्याने पिल्लं जगवायची आणि शेजाऱ्याने ती उचलायची, असं झालं तर नियम पाळणाराच मूर्ख ठरतो. किमान आकारमानाची सुरुवात देशात केरळने २०१५ मध्ये केली. नंतर इतरांनी पावलं उचलली, पण सगळ्यांनी एकत्र चालल्याशिवाय मजा नाही. पावसाळी बंदीत हे बरंचसं जमलंय. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, पश्चिम किनाऱ्यालगतच्या केंद्राच्या पाण्यात यांत्रिक बोटी बंद. बऱ्याच माशांच्या विणीचा हा काळ, शिवाय दर्याही खवळलेला.

सल्ला आणि अंमल यांच्यातलं अंतर हे दुसरं दुखणं. पर्ससीन जाळ्यांवर लगाम घाला, असं डॉ. सोमवंशी समितीने २०१२ मध्ये सांगितलं. राज्याचा आदेश निघाला फेब्रुवारी २०१६ मध्ये. एलईडी दिव्यांच्या झगमगाटात मासे गोळा करण्यावर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली, तरी छोट्या होड्यावाल्यांच्या तक्रारी थांबल्या नाहीत. इतक्या मोठ्या समुद्रावर पहारा ठेवायला मोजक्या गस्ती नौका. शास्त्रज्ञ फक्त सल्ला देऊ शकतात. पावती फाडायला माणूस लागतो, आणि पर्यायी जाळं घ्यायला मच्छीमाराच्या खिशात पैसा लागतो. दंडाचा आकडा सगळ्यांना पाठ आहे, नव्या जाळ्याचा खर्च कुणी उचलायचा यावर मात्र शांतता!

खिशातली फुटपट्टी

तुम्ही-आम्ही काय करू शकतो? बाजारात जाताना एवढं ध्यानात ठेवा.

* पापलेट: एटीएम कार्ड साडेआठ सेंटिमीटरचं असतं. दीड कार्ड आणि वर पाऊण सेंटिमीटर, पापलेट याहून छोटं दिसलं, तर पुढे चला.
* बोंबील: दोन कार्डं एकापुढे एक ठेवा, वर बोटभर. त्याहून आखूड नको.
* सुरमई: शाळेतली फूटभर पट्टी आठवा. सुरमई तिच्याहून चांगली सात सेंटिमीटर लांब हवी.
* जून-जुलै: ताज्या पापलेटचा हट्ट सोडा. सुका बोंबील, सोडे, जवळा कशासाठी आहेत?
* हॉटेलात: वेटरला एकदा विचाराच, ‘साइझ केवढा?’ दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अकराव्या दिवशी शेफ मासेवालीला विचारेल.

आणि हो, मावशींशी घासाघीस करताना मोठ्या पापलेटचा भाव जरा जास्त वाटला, तर फार ताणू नका. पिल्लू सोडून मोठा मासा आणणं तिला परवडलं, तरच पुढच्या वर्षी टोपलीत पापलेट असेल.