प्रारंभाची तोफ आणि त्यानंतरचे आठ महिने : महासागरी नौकास्पर्धेत निमंत्रिताला काय दिसते?

पिरियापट्टण (म्हैसूर) : महासागरी नौकास्पर्धेच्या प्रारंभाचे निमंत्रण मानाचे समजले जाते. मात्र क्रिकेट सामन्याप्रमाणे खेळ पाहायला मिळेल, या अपेक्षेने जाणाऱ्या पाहुण्याची निराशा होण्याचाच संभव अधिक. जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतील जेमतेम पहिले काही तास त्याच्या वाट्याला येतात.

तरीही तो भाग समजून घेण्यासारखा आहे. शिडाची नौका धावपटूप्रमाणे रेषेवर थांबून राहू शकत नाही. पंचांची बोट आणि पाण्यातील तरंगती खूण यांच्यामधील काल्पनिक रेषा हीच आरंभरेषा. इशाऱ्याची तोफ होताच नौका तिच्यामागे घिरट्या घालू लागतात. वारा व वेग यांचा हिशेब करून, अखेरच्या तोफेच्या क्षणीच रेषा ओलांडण्याचे कौशल्य त्यांना साधायचे असते. आधी ओलांडल्यास शिक्षा होते. पाहुण्यांच्या बोटींना दूर ठेवले जाते, ते केवळ शिष्टाचार म्हणून नव्हे. मोठी बोट जवळ आली तर तिच्या लाटांनी नौका डळमळते आणि तिच्या आडोशाने शिडातला वाराही हरपतो.

रेषेवरील ही झटापट देखणी खरी. पण दीर्घ शर्यतीत तिचे मोल थोडेच. २००८ च्या ‘व्हेंदे ग्लोब’ स्पर्धेत फ्रान्सचे मिशेल देजोयो यांना बिघाडामुळे बंदरात परतावे लागले. इतरांहून सुमारे ४० तास उशिरा ते पुन्हा निघाले आणि अखेर तेच विजयी झाले. त्याच वर्षी १३ डिसेंबरला ‘व्होल्वो ओशन रेस’च्या सिंगापूरकडील टप्प्याचा प्रारंभ कोचीहून झाला होता. असा सोहळा भारतीय किनाऱ्यावर क्वचितच घडला आहे.

१९६८ च्या पहिल्या ‘गोल्डन ग्लोब’ स्पर्धेत तर सामुदायिक प्रारंभच नव्हता. १ जून ते ३१ ऑक्टोबर या मुदतीत ज्याने त्याने सोयीने निघायचे होते. ब्रिटनचे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जूनला फालमथहून निघाले. त्यांची ३२ फुटी ‘सुहेली’ मुंबईत सागवानापासून बांधलेली होती. निघालेल्या नऊ जणांपैकी ते एकटेच, २२ एप्रिल १९६९ रोजी, प्रदक्षिणा पूर्ण करून परतले.

पन्नास वर्षांनी ही स्पर्धा पुन्हा भरली, तेव्हा नौदल अधिकारी अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’ ही ‘सुहेली’चीच प्रतिकृती होती. ती गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये तयार झाली. कमांडर दिलीप दोंदे यांनी ज्या ‘म्हादेई’तून २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा केली, तीही याच ठिकाणची. १ जुलै २०१८ रोजी फ्रान्समधील ले साब्ल-दोलोन येथे टॉमी यांना निरोप देणाऱ्यांना पुढचे काय दिसणार? २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातील वादळात ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. हालचालही अशक्य झालेल्या टॉमी यांची तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने सुटका केली.

४ सप्टेंबर २०२२ रोजी ते त्याच बंदरातून ‘बायानात’ या नौकेने पुन्हा निघाले. त्या दिवशी धक्क्यावर असणे, हा प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते निमंत्रणाचा खरा अर्थ. तेथे शर्यत दिसत नाही. आपण कशाकडे चाललो आहोत हे पुरते ठाऊक असूनही निघणारा माणूस मात्र दिसतो.

त्यानंतर पाहुणा आणि घरी बसलेला वाचक यांच्यात फरक उरत नाही. नौकांचे स्थान उपग्रहाद्वारे इंटरनेटवरील नकाशावर उमटत राहते आणि समुद्रापासून दूर, तंबाखूच्या शेतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या पिरियापट्टणमध्येही ते मोबाइलवर पाहता येते. या स्पर्धेची गंमत अशी की, खुद्द नाविकाला मात्र जीपीएस वापरण्यास मनाई असते. सूर्य-तारे पाहून, सेक्स्टंट आणि कागदी नकाशा यांच्या आधारे त्याला आपला ठावठिकाणा काढावा लागतो.

२०२२ मध्ये निघालेल्या १६ जणांपैकी विनाथांबा प्रदक्षिणा पूर्ण करणारे तिघेच. दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर २७ एप्रिल २०२३ रोजी पहिल्या आल्या. टॉमी दोन दिवसांनी, २३६ दिवसांचा प्रवास करून, दुसरे आले.