खटल्याविना तुरुंग : नातू बंधूंपासून तळोज्यापर्यंत

प्लेगच्या वर्षी, 22 जून 1897 च्या रात्री, पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. पुढच्याच महिन्यात टिळकांना अटक झाली आणि सरदार नातू बंधूंनाही. टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. आरोप काय ते त्यांना ठाऊक होते. वकील होते, ज्यूरी होती, अठरा महिन्यांची शिक्षाही झाली. नातू बंधूंवर आरोपपत्रच नव्हते. 1827 च्या मुंबई रेग्युलेशन 25 खाली त्यांना उचलले, मिळकतीवर जप्ती आणली आणि कोणत्याही न्यायाधीशापुढे गुन्हा शाबीत करण्याची जबाबदारी सरकारने घेतली नाही. टिळक सप्टेंबर 1898 मध्ये सुटले. नातू त्यानंतरही बंदिवासातच होते. दोषी ठरलेला आधी घरी आला आणि ज्यांच्यावर दोषच ठेवला नव्हता ते आत राहिले.

विनाचौकशी स्थानबद्धतेतला अन्याय या एका तुलनेत पुरता दिसतो. शिक्षेला मुदत असते, अपील असते. संशयाला यातले काहीच नसते. ‘मी हे केले नाही’ असे सिद्ध करायचे, तर आधी ‘हे’ म्हणजे काय ते कोणीतरी सांगावे लागते.

बंगालच्या 1818 च्या रेग्युलेशन 3 खाली 1907 मध्ये लाला लजपत राय मंडालेला गेले. 1919 च्या रौलट कायद्याविरुद्ध ‘ना वकील, ना दलील, ना अपील’ ही घोषणा देशभर घुमली. ज्यांनी ती दिली, त्यांच्याच पिढीने स्वतंत्र भारताची घटना लिहिली. त्याच घटनेत, मूलभूत हक्कांच्या प्रकरणात, अनुच्छेद 22 मध्ये प्रतिबंधात्मक स्थानबद्धता बसली. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याचा आणि वकिलाचा हक्क देणारी कलमे अशा स्थानबद्धाला लागू नाहीत, असे तिथेच लिहिले आहे. कारणे कळवावीत, पण सार्वजनिक हिताला बाधक वाटतील ती तथ्ये सांगू नयेत, हेही तिथेच. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, तेलंगणात सशस्त्र लढा चालू होता, हे मान्य. पण अडचणीच्या काळासाठी केलेली सोय कायमची झाली, ही चूक त्या काळाच्या माथी मारता येत नाही. ती पुढच्या सगळ्यांची आहे.

फेब्रुवारी 1950 मध्ये सरदार पटेलांनी स्थानबद्धतेचे विधेयक संसदेत मांडले, तेव्हा त्यापायी आपली झोप उडाल्याचे त्यांनी सभागृहाला सांगितले. कायदा एका वर्षापुरता होता. मुदतवाढी मिळत तो 1969 अखेरपर्यंत चालला. त्याची पहिली मोठी कसोटी केरळचे कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या खटल्यात लागली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने कायद्याचा गाभा उचलून धरला. न्या. फझल अली यांचे मत वेगळे होते. त्यांचा विचार ग्राह्य ठरायला दोन दशके लागली.

मग 1971 चा अंतर्गत सुरक्षा कायदा, म्हणजेच ‘मिसा’. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत हा शब्द आजही आठवणीसारखा उच्चारला जातो. आणीबाणीत या कायद्याखाली देशभर सुमारे 35 हजार माणसे आत गेली. संघाचे, समाजवादी, मार्क्सवादी, सर्वोदयी अशी एरवी एकमेकांची तोंडे न पाहणारी माणसे येरवड्यात आणि नाशिकला एका बराकीत आली. कायद्यात बदल करून अटकेची कारणे सांगण्याचे बंधनही काढून टाकले गेले होते. देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी तरीही म्हटले की, बेकायदा अटकेविरुद्ध आम्ही अर्ज ऐकू. 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते दार बंद केले. चौघांत पुण्यात जन्मलेले न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. सुनावणीत न्या. ह. रा. खन्ना यांनी सरकारी वकिलांना विचारले, पोलिसाने वैरापोटी एखाद्याचा जीव घेतला तर दाद कुठे मागायची? आणीबाणी असेपर्यंत कुठेही नाही, असे उत्तर आले. एकट्या खन्नांनी भिन्नमत लिहिले आणि त्यांचे सरन्यायाधीशपद हुकले. तो निकाल 2017 मध्ये रद्दबातल ठरला. रद्द करणाऱ्यांत यशवंतरावांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड होते. न्यायालयाने आपली चूक मान्य केली, याचे मोल मला मोठे वाटते. पण तुरुंगात गेलेले महिने कोणत्याही निकालाने परत आले नाहीत.

जनता सरकारने मिसा रद्द केला आणि 1980 मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. काश्मीरचा 1978 चा सार्वजनिक सुरक्षा कायदा दोन वर्षांपर्यंत आत ठेवू देतो. आपल्याकडे महाराष्ट्रात धोकादायक कारवायांना आळा घालणारा 1981 चा एमपीडीए कायदा आहे. ‘अमुक गुंड वर्षभरासाठी स्थानबद्ध’ ही जिल्हा पानावरची बातमी आपण चहासोबत वाचून उलटतो. तो गुंड असेलही. मग त्याच्यावरचे गुन्हे न्यायालयात सिद्ध करा, शिक्षा द्या! साक्षीदार घाबरतात, म्हणून खटला उभा राहत नाही, असे पोलीस सांगतात. साक्षीदाराला संरक्षण देण्याचे काम अवघड आहे म्हणून खटलाच टाळायचा, हा मार्ग मला पटत नाही. असे कित्येक आदेश उच्च न्यायालयात विलंबाच्या किंवा कागदपत्रे न दिल्याच्या कारणावरून टिकत नाहीत. तोवर त्या माणसाचे महिने गेलेले असतात.

बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा, म्हणजेच यूएपीए, हा नावाने स्थानबद्धतेचा कायदा नाही. तिथे आरोप असतो, न्यायालय असते. पण 2008 च्या दुरुस्तीने आरोपपत्रासाठी 180 दिवसांपर्यंत मुभा मिळाली आणि आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर जामीन देऊ नये, असे ठरले. खटला उभाच राहिला नाही की आतली वर्षे शिक्षेसारखीच सरतात. याच कायद्याखाली भीमा कोरेगाव प्रकरणात जून 2018 पासून सोळा जणांना अटक झाली. त्यांतले फादर स्टॅन स्वामी तळोजा तुरुंगात आले तेव्हा वयाची त्र्याऐंशी उलटलेली होती आणि कंपवाताने त्यांना पेलाही धरता येत नव्हता. जामिनाचा अर्ज प्रलंबित असतानाच 5 जुलै 2021 रोजी मुंबईत त्यांचा मृत्यू झाला. त्यांचा दोष ठरला नाही आणि निर्दोषत्वही नाही. व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2023 मध्ये जामीन दिला, तेव्हा पाच वर्षे होत आली होती.

इतकी वर्षे हे चालते, कारण आतला माणूस दर वेळी आपल्याला परका वाटतो. आज सत्तेत असलेल्यांनी तरी असे मानू नये. आणीबाणीत मिसाखाली बंदिवास भोगलेल्यांना महाराष्ट्र सरकार मानधन देते. तो बंदिवास अन्याय्य होता, हे सरकारच त्यातून मान्य करते. मग खटल्याशिवाय किंवा खटला न चालवता माणसाला आत ठेवण्याची तीच रीत आज न्याय्य कशी?

निदान एक काम लगेच होण्याजोगे आहे. आणीबाणीचे चटके ताजे असताना 1978 मध्ये 44 वी घटनादुरुस्ती झाली. तिच्या तिसऱ्या कलमानुसार, स्थानबद्धतेची छाननी करणाऱ्या सल्लागार मंडळाच्या अभिप्रायाशिवाय स्थानबद्ध ठेवण्याची मर्यादा तीन महिन्यांवरून दोनवर यायची होती आणि मंडळाचे सदस्य उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीने नेमायचे होते. पण सरकारने ते कलम अमलातच आणले नाही. ते अमलात आणण्याचा आदेश द्यावा, अशी विनंती धनबादचे खासदार ए. के. रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला झाली, पण 1981 मध्ये न्यायालयाने नकार दिला. त्यानंतर काँग्रेस, जनता दल, भाजप अशा सगळ्यांची सरकारे दिल्लीत आली. मजकूर संसदेने मंजूर केलेलाच आहे. केंद्र सरकारने राजपत्रात एक अधिसूचना काढायची आहे. आपल्या खासदाराला ती का निघाली नाही हे विचारा. त्याचा पक्ष कोणताही असो, हे कलम आजही लागू झालेले नाही.