मिठातही तग धरणारे जीव

मैत्रिणींनो, लोणच्यात मीठ सढळ हाताने का घालायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मीठ कमी पडलं की बुरशी आलीच! पण जमिनीतल्या खारट मातीतही सुखाने नांदणारे सूक्ष्म जीव असतात, आणि त्यांना शोधायला चक्क एक यंत्रमानव गेला होता.

दक्षिण अमेरिकेत चिली देशात अटाकामा वाळवंट आहे. जगातल्या सर्वांत कोरड्या जागांपैकी एक. तिथली जमीन मंगळासारखी, म्हणून शास्त्रज्ञ मंगळमोहिमांची रंगीत तालीम तिथे करतात. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने तिथे ‘झोई’ नावाची, उन्हावर चालणारी चारचाकी गाडी नेली. ग्रीक भाषेत झोई म्हणजे जीवन. मोहिमेतल्या शास्त्रज्ञांची धुरा नाताली काब्रोल या मूळच्या फ्रेंच बाईंकडे होती, हे विशेष.

पृथ्वीवरून मंगळावर निरोप पोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात. दर पावलाला विचारत बसलं तर काम कसं व्हायचं? म्हणून झोई आपली वाट आपणच शोधायची. मातीत हरितद्रव्याची चमक दिसली की स्वतः ठरवून तिथे खास रंग फवारायची. प्रथिनं किंवा डीएनए असेल तर तो रंग उजळायचा. २००५ पर्यंत तिने दगडफूल आणि जिवाणूंच्या वसाहती शोधल्या. २०१३ मध्ये ती गिरमिट घेऊन पुन्हा गेली. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले : ८० सेंटिमीटर खोल, खारट मातीतही जिवाणू होते. पण सगळीकडे नाही, इथे थोडे, तिथे थोडे.

यातली मेख इथेच आहे. १९७६ मध्ये व्हायकिंग यानांनी मंगळाची वरवरची माती तपासली. एका प्रयोगात जीवनासारखी खूण दिसली, पण मातीत सेंद्रिय पदार्थ काही सापडले नाहीत. बहुतेकांनी ‘जीवन नाही’ म्हटलं, तरी वाद पुरता मिटला नाही. शिवाय दुसरी धास्ती आहेच. बरणीत ओला चमचा गेला की लोणचं नासतं, तसे आपलेच जंतू यंत्रावरून मंगळावर गेले, तर सापडलेला जीव तिथला की इथला, कसं ओळखायचं? म्हणून यानं पाठवण्याआधी काटेकोर निर्जंतुक करतात.

वस्तीत पाहणीला गेलं की माझाही हाच अनुभव. उंबऱ्यावरून विचारलं तर ‘सगळं बरं आहे’ हेच उत्तर. आत चुलीपाशी घटकाभर बसलं की खरं कळतं. ‘इथे काही नाही’ असं म्हणण्याआधी थोडं खोल उकरावं, एवढं या झोईकडून नक्की घ्यावं.