दोन एमबीतली अवजारं

‘फाइल इथंच कुठंतरी सेव्ह केली होती’ हे वाक्य संगणक असलेल्या प्रत्येक घरात, दुकानात आणि कचेरीत ऐकू येतं. विंडोजचा स्वतःचा शोध सुरू केला की पट्टी सरकत राहते आणि समोरचा माणूस ताटकळतो. याच कामासाठी ‘एव्हरीथिंग’ नावाचा एक प्रोग्राम फुकट मिळतो. आकारानं दोन एमबीच्याही आत. नावातली तीन-चार अक्षरं टाइप होतात न होतात तोच लाखभर फाइलींतून हवी ती समोर येते. नाव मराठीत लिहिलेलं असलं तरीही.

यामागची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. एनटीएफएस पद्धतीनं मांडलेल्या डिस्कवर ‘मास्टर फाइल टेबल’ नावाची एक सारणी असते आणि प्रत्येक फाइलची नोंद तिच्यात होते. ग्रंथालयात कपाट न् कपाट उघडत बसण्याऐवजी थेट नोंदवही वाचावी, तसा एव्हरीथिंग एकेक फोल्डर न उघडता ही सारणीच वाचतो. नवी विंडोज टाकलेल्या संगणकावर साधारण सव्वा लाख फाइली असतात. त्यांची यादी करायला त्याला सेकंदभर पुरतो. पुढचे बदल विंडोज स्वतःच एका जर्नलमध्ये टिपत असते, त्यावरून यादी ताजी राहते. फाइलच्या आतला मजकूर शोधण्यासाठी मात्र हा प्रोग्राम बनलेला नाही, आणि जुन्या फॅट पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर अशी सारणीच नसल्यामुळे त्याचा हा वेग तिथं मिळत नाही.

अशी अवजारं बरीच आहेत आणि त्यांतली कितीतरी एखाद्या माणसानं चिकाटीनं वर्षानुवर्षं जपलेली आहेत. इगोर पावलोव्ह यांचा, फाइली आवळून लहान करणारा ‘सेव्हन-झिप’ १९९९पासून चालू आहे. बोस्नियातल्या यायत्सेचे आणि व्हिएन्नात शिकलेले इरफान श्किल्यान यांनी फोटो पाहण्याचा ‘इरफानव्ह्यू’ १९९६मध्ये काढला, आणि आजही तो पुराण्या संगणकावरही झटकन उघडतो. परीक्षेच्या ऑनलाइन अर्जाला अमुक केबीच्या आतलाच फोटो लागतो, तेव्हा इरफानव्ह्यूत जेपीजी सेव्ह करताना शेजारी उघडणाऱ्या चौकटीत हवा तो आकार केबीमध्ये भरता येतो. (प्लगइनचा संचही सोबत घेतलेला बरा.) स्नेहसंमेलनाचे शेकडो फोटो एका दमात लहान करायचे असतील तर कीबोर्डवरचं ‘बी’ दाबायचं, बॅचची खिडकी उघडते, फोल्डर निवडायचं, रुंदी सांगायची, झालं.

ही अवजारं शोधायची कुठं, हा खरा प्रश्न. या मंडळींकडे जाहिरातीला पैसा नसतो. त्यामुळे नाव शोधलं की बऱ्याचदा पहिल्या ओळीत येतात ते मधले लोक: दुसऱ्याचा प्रोग्राम स्वतःच्या पानावर ठेवून त्याभोवती जाहिराती लावणारे. पानावर ‘डाउनलोड’ लिहिलेली तीन-चार बटणं असतात आणि सर्वांत मोठं, हिरवंगार बटण बहुधा जाहिरातीचं निघतं. काही जण मूळ प्रोग्राम आपल्या इन्स्टॉलरमध्ये गुंडाळतात. ‘नेक्स्ट’, ‘नेक्स्ट’ करत गेलं की एखादा टूलबार आणि बदललेलं होमपेज सोबत येतं. सोर्सफोर्जसारख्या, प्रोग्राम वाटणाऱ्या नावाजलेल्या संकेतस्थळावरही हे झालं. २०१५मध्ये तिथल्या ‘गिम्प’ या चित्रं सुधारण्याच्या प्रोग्रामच्या विंडोज आवृत्तीला असंच शेपूट जोडलं गेलं आणि मोठा गदारोळ उठला. पुढच्या वर्षी मालकी बदलली आणि ती प्रथा बंद झाली.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: प्रोग्रामच्या कर्त्याचं स्वतःचं संकेतस्थळ शोधा आणि तिथूनच घ्या. सेव्हन-झिपचा पत्ता सेव्हन-झिप डॉट ओआरजी, एव्हरीथिंगचा व्हॉइडटूल्स डॉट कॉम. ही पानं दिसायला अगदी साधी असतात. त्यावरून बिचकू नये. पत्ता माहीत नसेल तर विकिपीडियावरच्या त्या प्रोग्रामच्या लेखात उजव्या चौकटीत तो बहुधा मिळतो. विंडोज १० आणि ११मध्ये ‘विंगेट’ ही प्रोग्राम बसवण्याची सोयही आहे. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत विंगेट सर्च आणि पुढे प्रोग्रामचं नाव लिहायचं. त्याच्या नोंदींत इन्स्टॉलरचा पत्ता आणि फाइलची शा-२५६ खूण असते. खूण जुळली नाही तर तो इन्स्टॉल करायला नकार देतो. तरीही शंका उरली तर फाइल व्हायरसटोटलवर टाकून पाहावी, अनेक अँटिव्हायरस एकाच वेळी ती तपासतात. तिथं आपली खासगी कागदपत्रं मात्र टाकू नयेत. दिलेली फाइल इतरांच्याही हाती जाऊ शकते.

छोट्या अवजाराची ताकद किती असते, ते २००५मध्ये दिसलं. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६मध्ये ‘सिसइंटर्नल्स’ हा विंडोजसाठीच्या छोट्या साधनांचा उपक्रम सुरू केला होता. त्यातलं ‘रूटकिट रिव्हीलर’ हे साधन तपासताना रुसिनोविच यांना स्वतःच्याच संगणकावर लपवलेल्या फाइली दिसल्या. माग काढत गेल्यावर त्या निघाल्या सोनी बीएमजीच्या एका गाण्यांच्या सीडीतून आलेल्या, नक्कल रोखण्यासाठी गुपचूप बसवलेल्या. कंपनीला त्या सीड्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं सिसइंटर्नल्स विकत घेतलं आणि ती साधनं आजही फुकट मिळतात. संगणक सुरू व्हायला वेळ लागत असेल तर त्यातलं ‘ऑटोरन्स’ उघडावं. सुरू होतानाच कोण कोण उठून बसतं याची सगळी यादी दिसते. एखाद्या नावापुढची खूण काढली की ते पुढच्या वेळी चालू होत नाही. चूक झाली तर खूण परत करता येते. पिवळ्या आणि गुलाबी ओळी दिसल्या म्हणून लगेच काही पुसायचं मात्र नाही.

कर्त्याच्या दारातूनही विष येऊ शकतं, हे २०१७मध्ये संगणक साफ करणाऱ्या ‘सीक्लीनर’च्या बाबतीत घडलं. त्याच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता आणि तो अधिकृत सर्व्हरवरूनच वाटला गेला, सुमारे २२.७ लाख संगणकांवर ती आवृत्ती पोहोचली. म्हणूनच गरजेपुरतेच प्रोग्राम ठेवावेत. रजिस्ट्री साफ करणारे, रॅम ‘बूस्ट’ करणारे, ड्रायव्हर आपोआप बदलणारे प्रोग्राम मी कुणालाच सुचवत नाही.

कित्येकदा हवं ते विंडोजमध्येच असतं. २०१८च्या ऑक्टोबरमधल्या अपडेटपासून विंडोज आणि ‘व्ही’ ही बटणं दाबली की आधी कॉपी केलेल्या मजकुरांची यादी मिळते. पहिल्या वेळी ती चालू करावी लागते. २०१९च्या मे महिन्यातल्या अपडेटनं मराठीचा फोनेटिक कीबोर्डही विंडोज १०मध्ये आणला. इंग्रजी अक्षरांत ‘नमस्कार’ टाइप करून देवनागरी मिळवण्यासाठी वेगळं काही बसवायची गरज नाही.

आणि फुकट म्हणजे सगळीकडे फुकट नव्हे. सेव्हन-झिप घरी वापरा किंवा कंपनीत, पैसे लागत नाहीत. इरफानव्ह्यू घरगुती वापरासाठी मोफत आहे. डीटीपीच्या दुकानात, स्टुडिओत किंवा खासगी कचेरीत तो चालवायचा तर नोंदणीचं शुल्क भरावं लागतं, आणि ते भरावंच.