काटा खाली म्हणजे इंजिन गार का?

बालमित्रांनो, आपल्याला ताप आला की आई कपाळाला हात लावते. दवाखान्यात गेलो की डॉक्टर थर्मामीटर लावतात. मग इंजिनाला ताप आला तर तो कोण बघतो? याची मजेशीर माहिती मी तुम्हांला सांगणार आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत मी मुंबईला मामाकडे गेलो होतो. माझा मामा जुन्या गाड्यांच्या गॅरेजात कामाला आहे. तिथे एक लांब नाकाची लाल गाडी आली होती. तिचे नाव जग्वार ई-टाइप. ही इंग्लंडची शर्यतीसारखी पळणारी गाडी. 1961 साली ती जिनिव्हा शहरात पहिल्यांदा लोकांना दाखवली. कॉव्हेंट्री गावच्या कारखान्यात ती 1974 पर्यंत तयार होत होती. ताशी 150 मैल, म्हणजे सुमारे 240 किलोमीटर पळणारी गाडी असा तिचा लौकिक होता. मामाकडची गाडी 1962 सालची होती. म्हणजे ती माझ्या आजोबांच्या वयाची!

मामाने बोनेट उघडले आणि मी बघतच राहिलो. गाडीचे पुढचे सगळे तोंडच चाकांवरच्या पत्र्यासकट पुढे कलंडले. जणू मगरीने जबडा उघडला. आत सहा सिलिंडरचे मोठे इंजिन होते. मालकाची तक्रार अशी होती की, गाडी कितीही चालवली तरी तापमानाचा काटा वर येत नाही. मी म्हणालो, "मामा, मग बरंच आहे की. इंजिन गार आहे."

मामा म्हणाला, "अरे खुळ्या, काटा गार आहे. इंजिनाचं कोणी बघितलंय?"

मग त्याने मला समजावून सांगितले. इंजिनात पेट्रोल जळते. त्याने इंजिन फार तापते. म्हणून त्याच्याभोवती पाणी खेळवतात. तापलेले पाणी रेडिएटरमध्ये जाऊन वाऱ्याने निवते आणि परत येते. वाटेत थर्मोस्टॅट नावाची झडप असते. इंजिन गार असताना ती बंद राहते, पाणी तापले की उघडते. पाणी किती तापले हे ओळखणारा भाग म्हणजे सेन्सर.

या गाडीत पाण्याच्या वाटेवर असे दोन भाग आहेत. मामा म्हणाला, "सांग बघू, काट्याचा कुठला आणि पंख्याचा कुठला?" मी चुकीच्या भागाला बोट लावले. मामा हसला. म्हणाला, "आधी वायरी मोज." आता ओळखायच्या खुणा ऐका.

1) काट्याचा सेन्सर : हा थर्मोस्टॅटच्या जवळ पाण्याच्या वाटेत आट्याने बसवलेला असतो. त्याला एकच वायर असते. वायर हिरवी आणि तिच्यावर निळी रेघ.

2) पंख्याचा स्विच : हा रेडिएटरजवळच्या पाण्याच्या वरच्या टाकीवर असतो. त्याला दोन वायरी असतात. पाणी सुमारे 80 अंशांवर गेले की तो विजेचा पंखा चालू करतो. काट्याशी त्याचा काही संबंध नाही.

3) तेलाच्या दाबाचा सेन्सर : हा दिसायला भावासारखा, पण पाण्याचा नव्हे. हा तेलाच्या फिल्टरजवळ असतो. त्याची वायर पांढरी आणि रेघ तपकिरी.

इंग्लंडच्या त्या काळच्या गाड्यांत वायरींचे रंग ठरलेले होते. वायरीचा मुख्य रंग आधी बोलायचा आणि रेघेचा रंग नंतर. हिरवी-निळी म्हणजे पाण्याचे तापमान. हिरवी-काळी म्हणजे पेट्रोलच्या टाकीचा काटा. नुसती काळी म्हणजे अर्थ. पण जुन्या गाडीत कोणीतरी मधेच भलत्या रंगाची वायर जोडलेली असते. म्हणून रंग बघायचा, पण वायर शेवटपर्यंत हाताने चाचपायची.

मला एक शंका आली. विजेला जायला आणि यायला दोन वायरी लागतात असे गुरुजींनी शिकवले आहे. मग सेन्सरला एकच कशी? मामाने सांगितले की, सेन्सर इंजिनाच्या धातूत घट्ट बसलेला असतो. वाटेची दुसरी बाजू म्हणजे इंजिन आणि गाडीचा सांगाडाच. म्हणून आट्यांना पांढरी टेप फार गुंडाळायची नाही. धातूला धातू नीट लागला नाही तर काटा चुकीचे सांगतो.

या सेन्सरची गंमत अशी की, गार असताना तो विजेला फार अडवतो आणि तापला की कमी अडवतो. वीज जास्त गेली की काटा चढतो. आता विचार करा, वायर तुटली तर? वीजच जात नाही. काटा खालीच राहतो. आणि वायर सोलून धातूला लागली तर काटा एकदम शेवटपर्यंत जातो. इंजिन दोन्ही वेळा आपल्या जागी, खोटे बोलतो तो काटा!

मामाने चावी फिरवून सेन्सरची वायर काढली आणि क्षणभर इंजिनाच्या धातूला टेकवली. काटा हळूहळू वर सरकू लागला. त्याने लगेच वायर उचलली. म्हणजे मीटर चांगला, वायरही चांगली. बिघाड सेन्सरात. काटा हललाच नसता तर वायर किंवा मीटर बघावा लागला असता. पेट्रोलचा काटाही वेड्यासारखा वागत असता, तर दोघांना मिळून वीज पुरवणारा छोटा डबा तपासायचा.

इंजिन निवल्यावर मामाने तो सेन्सर काढला. एका पातेल्यात पाणी तापवून त्यात त्याचे टोक बुडवले आणि मीटर लावला. आकडा हललाच नाही. नवीन सेन्सर बुडवला, तर पाणी तापेल तसा आकडा उतरत गेला. नवीन बसवल्यावर गाडीचा काटा शहाण्यासारखा चढून मधे थांबला.

मामाने आणखी एक सांगितले. काही जुन्या गाड्यांत, उदाहरणार्थ सुरुवातीच्या एमजीबी गाडीत, वायरीऐवजी तांब्याची बारीक नळी असते. तिच्यात ईथर भरलेले असते. ती वायर समजून तोडली तर मीटर कायमचा गेला.

आता खरी गोष्ट. मी गावी परत आलो. आबा ट्रॅक्टरने नांगरट करीत होते. जेवणाची भाकरी घेऊन मी शेतात गेलो. सकाळपासून ट्रॅक्टर चालू होता, तरी काटा तळालाच! आबा म्हणाले, "कसा गार चाललाय बघ." मी म्हणालो, "आबा, काटा गार हाय. इंजिनाचं कोणी बघितलंय? जरा थांबवा की." आबांना आधी राग आला. पण त्यांनी ट्रॅक्टर बंद केला. वडिलांनी बघितले तर सेन्सरची वायर उंदराने कुरतडलेली. रेडिएटरच्या जाळीत भुसा दाटलेला. इंजिन निवल्यावर झाकण काढले तर पाणी निम्म्याच्या खाली! अजून दोन तास चालला असता तर इंजिन बसले असते, आणि मग उसाचे पैसे तिकडेच गेले असते. आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पण म्हणाले, "मामाला सांग, तुझ्या पोरग्यानं माझी नांगरट मोडली."

मित्रांनो, गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. कुकरसारखे आत दाबलेले पाणी अंगावर उडते आणि भाजते. वायरींना हात मोठ्या माणसांनीच लावावा. आपण फक्त बघायचे आणि विचारायचे. आणि आलेल्या पालकांना माझी विनंती आहे, आज घरी गेल्यावर तुमच्या ट्रॅक्टरचा काटा चढतो का, तेवढे बघा.

– इयत्ता 4 थी